एका वेळी किती नळ

शालिक नंदेश्वर जिन्यावर उकिडवा बसला,
कानामागची पेन्सिल काढली
आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर माझं घर काढलं,
पाण्याला दिसेल तसं:
खोल्या नाहीत, खिडक्या नाहीत,
नुसती वळणं.

"म्याडम, एका टायमाले किती नळ चालू राहाते तुमच्या इथं?"

बत्तीस वर्षं पोस्टात टपाल लावलं मी.
गठ्ठा हातात घेतला की पत्रं किती ते सांगायचे.
पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.

दीर विनायकराव खुर्चीतून म्हणाले,
अर्धा इंच टाका सगळीकडे, अठराशे वाचतात.
पाणी काय, पाणीच असतं.

शालिकनं मान वर केली नाही.
"कागदावर दोन अर्धे म्हंजे एक, भाऊ.
पायपात चार लागते."
आणि एका मोठ्या गोलाशेजारी
चार लहान गोल काढून दाखवले,
मुलाला शिकवावं तसे.

सक्करदऱ्याच्या भाड्याच्या घरात
अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप होता.
न्हाणीत नळ सुटला की स्वयंपाकघरातला मरायचा.
मी कणकेच्या हातांनी ओरडायची, बंद करा!
आतून हे ओरडायचे, साबण लावलाय!
मुलं बादलीवरून, मुलं रांगेवरून.
वाटायचं, माणसंच भांडकुदळ आहेत आपल्याकडची.

तो पाइप कापला तेव्हा एक तुकडा मी मागून घेतला.
आतून चुन्यानं भरलेला, भोक पेन्सिलीएवढंसुद्धा नाही.
देवापाशी ठेवलाय.
त्यात एक उदबत्ती मावते,
दोन नाही.

तर, किती नळ?
मुलगी हैदराबादेत. मुलगा रविवारी बोलतो,
कधी सोमवारी.
ह्यांना जाऊन तिसरं वर्ष.
खरं उत्तर एक होतं.
तोही अर्धाच उघडलेला.

मी म्हणाले, चार.

शालिकनं पिशवीवर ४ लिहिला.
टाकीतून सव्वा, उतरताना एक,
न्हाणीकडं पाऊण, अन् तोटीपाशी अर्धा.
"तोंड बारीक चालते, गळा मोठा पाह्यजे.
अन् एल्बो कमी. दर वळणाले पाणी दमते."
मग पेन्सिल परत कानामागे ठेवता ठेवता,
"पण एकल्या माणसाले येवढा पाइप
उन्हाळ्यात तरास देते. आधीच सांगून ठेवतो."

म्हणजे त्याला कळलं होतं.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला.
गच्चीवरच्या पाइपाला पोतं गुंडाळलं, सुतळीनं आवळलं,
तरी नळ सोडला की चहाचं आधण.
मोठ्या पाइपात मोठं आधण:
मोजून एक बादली वाहू द्यावी लागते,
मग कुठे अंगावर घेण्याजोगं पाणी.
ती बादली संध्याकाळपर्यंत निवते
आणि कुलरमध्ये जाते.
विनायकराव बादलीकडं बघतात, बोलत नाहीत.
चूक नाहीत तेही.

काल दिवेलागणीला, काय वाटलं कोण जाणे,
चारही नळ सोडले.
न्हाणी, मोरी, अंगणातली तोटी,
प्रत्येकाखाली बादली,
आणि शेवटचा स्वयंपाकघरातला.
त्याच्यासमोर उभी राहिले.

धार बारीक झाली नाही.

आत बादल्या भरत चालल्या,
प्रत्येकीचा सूर वेगळा, चढत चढत जाणारा.
कान आपोआप टवकारले
कोणीतरी ओरडेल म्हणून.

कुंपणापलीकडून बोपचेबाई म्हणाल्या,
"पाहुणे आले का जी?"

"येऊन राहिले," मी म्हणाले,
आणि धावले,
मोरीतली बादली वाहायला लागली होती.